फाट्यावर उतरणाऱ्या प्रवाशासाठी

मूळच्या चोपडा तालुक्यातल्या आणि सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणीने मला एक प्रश्न विचारला आहे. ती दरवर्षी नीट आखणी करून प्रवासाला जाते, राहण्यापासून जेवणापर्यंत सारे आधी ठरलेले असते, कुठे काही बिघडत नाही, आणि तरीही परत आल्यावर छायाचित्रांपलीकडे हाती काही उरत नाही. प्रवासात अवचित भेटणाऱ्या माणसांनी आयुष्य समृद्ध होते असे म्हणतात, त्यात तथ्य किती, एकट्या बाईने त्यासाठी किती मोकळे राहावे, आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्याच खानदेशात हे करून पाहायचे तर सुरुवात कुठून करावी, असे तिचे विचारणे आहे. मी गेली अनेक वर्षे तापीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची आणि कानबाई या खानदेशी देवीची गाणी टिपून घेत हिंडते आहे. या कामात मला जे मिळाले ते जवळजवळ सारे न ठरवता भेटलेल्या माणसांकडून मिळाले, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

तथ्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र "मोकळ्या मनाने फिरा, माणसे आपोआप भेटतील" हा जो सल्ला सर्रास दिला जातो तो अपुरा आहे, कारण मन कितीही मोकळे असले तरी ते समोरच्याला दिसत नाही. त्याने आपल्याशी बोलावे, आपल्याला थांबवून घ्यावे, यासाठी काही निमित्त लागते आणि ते निमित्त बहुतेक वेळा आपली गरज पुरवते. रस्ता ठाऊक नसणे, पाणी संपलेले असणे, पुढची गाडी केव्हा आहे हे माहीत नसणे, समोर चाललेल्या कामाबद्दल खरोखर काही समजून घ्यायचे असणे, यांपैकी काहीतरी असले की दोन अनोळखी माणसांत बोलणे सुरू होते. तुम्ही आखणी केलीत यात गैर काही झाले नाही. पण त्या आखणीने तुमची प्रत्येक गरज घरातून निघण्यापूर्वीच पैसे मोजून भागवून टाकली, आणि मग वाटेतल्या कोणालाही तुमच्यासाठी काही करण्याची जागाच राहिली नाही.

हे समजून घ्यायला आपल्याकडे फाट्यासारखी जागा नाही. एस.टी. तुम्हाला मोठ्या रस्त्यावर सोडते, गाव आत तीन-चार किलोमीटरवर असते, आणि आत जाणारी गाडी येईपर्यंत किंवा एखादी काळी-पिवळी, ट्रॅक्टर, कोणाची मोटारसायकल मिळेपर्यंत तुम्ही चहाच्या टपरीच्या सावलीत थांबता. तिथले सगळेच कशाची तरी वाट पाहत असतात. कोणी खताची गोणी घेऊन बसलेला असतो, कोणी दवाखान्यातून परतत असतो, कोणी माहेरी येणाऱ्या लेकीला घ्यायला आलेला असतो. भाड्याच्या मोटारीने थेट गावात शिरणाऱ्याला हा अर्धा-पाऊण तास मिळत नाही, आणि माझ्या वह्यांतल्या चांगल्या नोंदींपैकी कितीतरी याच वेळातल्या आहेत. फाट्यावर एक प्रश्न अहिराणीत हमखास येतो, "कथा चालनात?" (कुठे चाललात?), आणि गावात शिरल्यावर दुसरा येतो, "कोनकडे उनात?" (कोणाकडे आलात?) दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या गावांत बाहेरचा माणूस येतो तो कोणाकडे तरी येतो. तो सोयरा असतो, व्यापारी असतो, सरकारी कामावरचा असतो, नाहीतर पतसंस्थेच्या वसुलीसाठी आलेला असतो. "कोणाकडेच नाही, सहज फिरायला आले" हे गावाच्या दृष्टीने उत्तरच होत नाही. त्यानंतर लोक गप्प होतात, त्यात तुटकपणा नसतो. तुम्हाला कोणाच्या ओट्यावर बसवावे हेच त्यांना उमगत नाही. त्या प्रश्नाचे खरे उत्तर जवळ असणे ही अवचित भेटीची सर्वांत मोठी तयारी आहे.

म्हणून प्रवासाला निघताना एक छोटा, पण खराखुरा शोध सोबत घ्या. तो विद्वत्तेचा असण्याची मुळीच गरज नाही. आजी जे गाणे म्हणायची त्याची पुढची कडवी कोणाला येतात, कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालतात आणि ते प्रमाण गावागणिक कसे बदलते, भरताच्या वांग्याचे देशी बी घरी कोण राखते, गावची पायऱ्यांची विहीर कोणी बांधली, असे काहीही चालेल. शोध घेऊन गेलात की गावाला तुम्हाला कुठे न्यावे ते लगेच समजते. कोणीतरी म्हणते, हे तर अमक्या आजींना विचारायला हवे. आजी शेतात गेलेल्या असतात. सून चहा ठेवते आणि तोवर शेजारच्या काकूंना हाक मारते. काकूंना गाणे येत नसते, पण त्यांच्या माहेरी ते अजून म्हणतात आणि माहेर दोन गावे सोडून असते. ज्यांना भेटायचे त्या आजी भेटतच नाहीत, आणि जे कधी मनात नव्हते असे एक सबंध गाव पुढ्यात येते. शोध खरा असला पाहिजे हे मात्र पुन्हा सांगते. बोलण्याला केवळ निमित्त हवे म्हणून घेतलेले कुतूहल दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच उघडे पडते, कारण विचारणाऱ्याचे लक्ष उत्तराकडे नसते.

काय विचारावे यालाही महत्त्व आहे. माणसाला त्याच्या हातातल्या कामाबद्दल विचारावे, त्याच्या हालअपेष्टांबद्दल किंवा कमाईबद्दल नव्हे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जो घोडेबाजार भरतो त्यात राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या भागांतून व्यापारी घोडे घेऊन येतात. तिथे एक वयस्क व्यापारी गिऱ्हाइकासमोर घोड्याचे तोंड उघडून दाखवत होता, आणि मी त्याला एवढेच विचारले की तुम्ही नेमके काय पाहता. त्याने मला जवळ बोलावून दात दाखवले. शिंगराचे दुधाचे दात पडत पडत साधारण पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दात कायमचे होतात. त्यानंतर दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजत जातात आणि जाणकार त्या झिजेवरून वय ओळखतो. कोणी वय लपवायला दात कोरतो, तर तेही त्याला समजते. मग अंगावरचे भोवरे, त्यांतले शुभ कोणते आणि अशुभ कोणते, आणि त्या समजुतींपायी चांगल्या जनावराची किंमत कशी पडते, हे तो स्वतःहून सांगू लागला. बोलता बोलता तो आजोबांवर आला. आजोबा घोडे चालवत, मुक्काम करत करत या यात्रेला यायचे आणि वाटेतल्या कोणत्या गावात पाणी गोड लागते हे त्यांना पाठ होते. मी त्याला आजोबांविषयी काही विचारले नव्हते, आणि पहिल्याच वाक्यात विचारले असते तर त्याने ते मला सांगितलेही नसते.

कधी शोधाचीही गरज नसते, साधी तहान पुरते. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. मोकळ्या रानावर लांबवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि तिच्या कडेने बसून बायका देठ खुडत असतात. एकदा गाडी पकडायच्या घाईत मी तिथे पाणी मागायला थांबले. पाणी देणाऱ्या बाईने माझा ठसका पाहून नाकातोंडावर पदर कसा आवळायचा ते दाखवले, आणि मी तिला विचारले की या खकाण्यात दिवसभर बसवते कसे. ती म्हणाली, तोंड बांधलेले असते म्हणून बोलता येत नाही, पण गुणगुणता येते. तिने जे गुणगुणून दाखवले त्याची चाल आखाजीच्या गाण्याची होती. सासुरवाशीण माहेराहून न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट पाहते हा त्या गाण्यांचा नेहमीचा विषय, पण इथे मुराळ्याच्या जागी मुकादमाचा टेंपो आला होता आणि वाट माहेरच्याऐवजी घरी परतण्याची पाहिली जात होती. माझी गाडी गेली. लोकगीत आजही कसे घडत राहते हे मला त्या दुपारी जितके स्पष्ट दिसले तितके आधी कधी दिसले नव्हते.

धुळ्यात राहणाऱ्या माणसाला या संदर्भात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवल्यावाचून राहत नाहीत. १८९८ साली त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे अशा खंडांची संख्या २२ झाली. त्या खंडांतली कागदपत्रे एखाद्या दप्तरखान्यात लावून ठेवलेली नव्हती. ती जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेली, वाळवीच्या तोंडी पडलेली होती, आणि ती पाहायची तर घरमालकाचे मन वळवण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. राजवाडे गावोगाव हिंडले ते त्यासाठी. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर लगेचच त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ उभे राहिले. कोणत्या घरी काय मिळेल हे त्यांना आधी ठाऊक असणे शक्य नव्हते, परंतु आपण काय शोधतो आहोत हे पक्के ठाऊक होते. अवचित मिळणाऱ्या गोष्टी अशाच माणसाला ओळखता येतात. ज्याच्या मनात प्रश्न नाही त्याच्यासमोर तोच रुमाल सोडला तरी त्याला जुने कागद दिसतात.

गरजेलाच नियमाचे रूप देणारी नर्मदा परिक्रमेची परंपराही आपल्या दाराशी आहे, आणि ती पाहण्यासाठी तुम्हाला प्रकाशा या गावापर्यंतच जावे लागेल. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे क्षेत्र नर्मदेच्या काठी नाही, तरीही दक्षिण तटाने पायी निघालेले कितीतरी परिक्रमावासी खेतिया, शहाद्याकडून इथे येतात आणि पुढे तळोदा, अक्कलकुवा, खापरमार्गे गुजरातेत उतरतात. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. तिला सतत उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता, दोन्ही तट चालायचे असतात. चातुर्मासात एका ठिकाणी थांबून शास्त्रोक्त परिक्रमा पुरी व्हायला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे मानतात, जरी आजचे बहुतेक लोक ती काही महिन्यांत संपवतात. या परंपरेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, साठा जवळ बाळगायचा नाही. पीठ, डाळ, मीठ सदावर्तातून किंवा वाटेवरच्या घरातून मागून घ्यायचे, शिजवायचे आणि पुढे निघायचे. एरवी ज्याने कोणापुढे कधी हात पसरला नाही असा निवृत्त अधिकारी इथे एखाद्या शेतमजुराच्या दारात "नर्मदे हर" म्हणून उभा राहतो, आणि तो शेतमजूर त्याला खाली हाताने पाठवत नाही. परिक्रमेहून आलेल्या ज्या ज्या माणसांशी मी बोलले त्यांनी घाटांची, मंदिरांची वर्णने थोडक्यात आटोपली आणि दारांची वर्णने तासभर केली.

घेता येणे आपल्या शिकल्यासवरल्या माणसांना फार अवघड जाते. कोणी जेवायला बसवले की आपण घड्याळ पाहतो, किंवा उठताना नोट काढतो आणि यजमानाला अवघडून टाकतो. पौषातल्या एखाद्या दुपारी यावल-फैजपूरच्या बाजूला शेतात भरिताचा बेत चाललेला असतो. कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर मोठमोठी हिरवी वांगी भाजलेली असतात, बडगीत म्हणजे लाकडी उखळीत हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला जात असतो, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे पडणार असतात, आणि तुम्ही रस्ता विचारायला बांधावर थांबता. "बसा, दोन घास खाऊन घ्या" असे कोणी म्हटले तर बसा. त्यांनी तुम्हाला तोंडदेखले बोलावलेले नसते. पैसे देऊ नका. कांदे चिरायला घ्या, पाणी आणा, नंतर कधी त्या वाटेने गेलात तर चहापत्ती, साखर, मुलांसाठी काही घेऊन थांबा. हे ऋण लगेच फेडण्याची धडपड केली की संबंध तिथेच संपतो, आणि ते थोडे अंगावर राहू दिले की पुन्हा जाण्याला कारण राहते.

यातून आयुष्य समृद्ध होते म्हणजे नेमके काय होते, हे मला माझ्यापुरते सांगता येईल. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे आली, हे मला वाचून माहीत होते. धरणाची उंची १३८.६८ मीटर आहे हेही माहीत होते. एकदा तळोद्याहून निघालेल्या गाडीत शेजारी पुनर्वसन वसाहतीतले एक आजोबा बसले. त्यांना खिडकीजवळची जागा हवी होती, मी ती दिली, आणि त्यांनी नव्या गावातल्या अडचणी बोलताना जुन्या गावाचा पत्ता सांगायला सुरुवात केली. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असायचे, कोणत्या महूच्या झाडाखाली पंच बसायचे, रात्री नदी ओलांडताना कोणत्या खडकाचा आधार घ्यायचा, असे सगळे ते वर्तमानकाळात सांगत होते. तेव्हापासून ३३ ही संख्या माझ्यासाठी पूर्वीसारखी राहिली नाही, आणि धरणाच्या बाजूचे किंवा विरुद्धचे कोणतेही लेखन वाचताना ते आजोबा माझ्या मनात असतात. माझे मत बदलले असे मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीविषयी मी मत बाळगते ती गोष्ट अधिक खरी झाली.

दुसरा लाभ अधिक व्यवहारी आहे आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवले की, नोकरीची आणि इतर उपयोगाची नवी माहिती माणसाला बहुतेक वेळा जवळच्या मित्रांकडून मिळत नाही, कधीमधी भेटणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मिळते; जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही आधीच माहीत असते. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलगाडीतल्या प्रवाशांवर प्रयोग करून २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनोळखी सहप्रवाशाशी बोलावे लागले तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता, परंतु ज्यांना प्रत्यक्ष बोलायला सांगितले त्यांचा प्रवास एकटे बसलेल्यांहून आनंदाचा झाला. लोक आपल्याशी बोलायला उत्सुक नसतील हा समज दोन्ही बाजूंना असतो आणि त्यामुळे दोघेही गप्प राहतात. भुसावळ-सुरत पॅसेंजरने नेहमी जाणाऱ्याला हे सांगायला नको. अंमळनेरला डबे उघडतात आणि दोंडाईचा येईपर्यंत कोणाचे लोणचे कोणाच्या भाकरीवर गेलेले असते.

आता एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलायला हवे. जी भेट तुमच्यासाठी योगायोग आहे ती समोरच्याच्या रोजच्या दिवसात झालेला शिरकाव आहे. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी अचानक दिसली असे आपण शाळेत शिकतो. डोंगराखालच्या गावकऱ्यांना ती अर्थातच ठाऊक होती. स्मिथने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, प्राचीन चित्र असलेल्या खांबावर, आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आणि ती आजही तिथे आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा न विचारता मुलींच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारी मंडळी मला दिसतात, आणि त्यांच्यात व त्या शिकाऱ्यात मला फारसे अंतर वाटत नाही. बाजार हा आधी त्या लोकांचा आहे. तिथे ते मीठ-मिरची, कापड, साखरेचे हार, डाळ्या घ्यायला आणि नातेवाइकांना भेटायला येतात. छायाचित्र घ्यायचे असेल तर ओळख झाल्यावर, विचारून, आणि पाठवण्याचा शब्द देऊन घ्यावे, आणि तो शब्द पाळावा. मी गाणे ध्वनिमुद्रित केले की ते आधी गाणाऱ्या बाईलाच ऐकवते, आणि तिने पुसून टाक म्हटले तर पुसून टाकते. एका आजींनी फार सुंदर ओव्या पुसायला लावल्या, कारण त्यांत थोरल्या जावेचे नाव होते. त्या ओव्या माझ्याकडे नाहीत, पण त्या घरात मी आजही जाऊ शकते.

एकट्या बाईने किती मोकळे राहावे, या प्रश्नाला मी बगल देणार नाही. मोकळेपणा हे कोणाचे देणे नाही. अस्वस्थ वाटले की कारण न देता उठून जाण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी एखादी भेट हुकली तर हुकू द्यावी. प्रवास दिवसाउजेडी करावा, शेवटच्या गाडीवर विसंबू नये, आणि मुक्कामाचे ठिकाण मात्र आधी पक्के करावे; गरज उघडी ठेवायची म्हणजे रात्रीचा निवारा उघडा ठेवायचा असा अर्थ कोणी घेऊ नये. गावात शिरल्यावर पहिली ओळख बाईशी करावी. अंगणवाडी, आशाताई, दळणाची गिरणी, बचत गटाची बैठक या जागा त्यासाठी उत्तम. बोलणे ओट्यावर, चार लोकांच्या नजरेसमोर व्हावे. कुठे आहोत हे घरी रोज ठरलेल्या वेळी कळवावे आणि ते कळवतो आहोत हे समोरच्यालाही ऐकू येऊ द्यावे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यावर गाड्यांतले चित्र बदलले आहे. आठवडे बाजाराला, माहेरी, देवाला एकेकट्या निघालेल्या बायका आता कितीतरी जास्त दिसतात, आणि त्यांच्या शेजारची जागा ही या सगळ्या खटाटोपासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते.

भाषेबद्दलही सांगते. तुमच्या घरी अहिराणी बोलत असतील आणि पुण्यात ती तुमच्या तोंडून गेली असेल, तर मोडकीतोडकी का होईना, बोला. लोक हसतील, दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करता करता आपलेसे करतील. मात्र सगळा खानदेश अहिराणी बोलत नाही. यावल-रावेरकडे लेवांची बोली आहे, शहादा-तळोद्याला गुजरांची, आणि सातपुडा चढू लागलात की भिली आणि पावरी. तिथे अहिराणीचा आग्रह धरण्यापेक्षा त्यांचे दोन-चार शब्द शिकून घ्यावेत.

दिवाळीसाठी माझी सूचना अशी आहे. चोपड्याहून सकाळची गाडी धरून शिरपूरमार्गे शहाद्याला जा. हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता तापीच्या उत्तरेने जातो, सातपुडा उजव्या हाताला सतत सोबत असतो, आणि कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे गाडीत मजूर बायकांची चढउतार चालू असते. शहाद्यात ओळखीचे घर किंवा चांगले लॉज पाहून दोन रात्रींची सोय करा आणि तिथून आसपास फिरा. एक दिवस प्रकाशाला संगमावर जा. दिवाळी आटोपल्यावर, कार्तिकी एकादशीच्या सुमारास, परिक्रमेचा नवा हंगाम सुरू होतो, त्यामुळे सुट्टी थोडी पुढे ढकलता आली तर परिक्रमावासी भेटण्याची शक्यता वाढेल. दुसरा दिवस कोणत्याही एका फाट्यासाठी ठेवा. कोणता, ते मी सांगणार नाही. आजीचे गाणे किंवा भाकरीचे प्रमाण, जो शोध घ्याल तो एकच घ्या. फोनमधला नकाशा पिशवीत ठेवा आणि रस्ता माणसांना विचारा. एखादा दिवस पूर्ण कोरडा जाईल, कोणीही चार शब्दांपलीकडे बोलणार नाही, आणि तसे झाले तरी घाईघाईने कोणाच्या गळ्यात पडू नका. रात्री झोपण्यापूर्वी भेटलेल्या माणसांची नावे, गावे आणि त्यांना तुम्ही काय पाठवण्याचे कबूल केले ते वहीत लिहा, कारण पुण्याला पोहोचल्यावर कामाच्या पहिल्याच आठवड्यात नावे पुसट होतात, आणि फोटो पाठवायचा राहून जातो.